मूर्ती होऊन बसलेला जुगारी



आजचं वाचन: दासबोध, दशक २, समास १ (मूर्खलक्षण) आणि समास २ (उत्तमलक्षण)
सोबतीला: शूद्रकाचं 'मृच्छकटिक', अंक दुसरा आणि तिसरा

आज पोस्ट उशिरा येतेय, त्याबद्दल आधी माफी. कालपासून गावी आहे, हिर्डोशीला. भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं जातो, त्याच रस्त्यावर आमचं गाव. इथे रेंज मिळते ती ओट्याच्या एका कोपऱ्यात, तीही उभं राहिलं तर. म्हणजे ही पोस्ट उभ्यानं टाईप केलेली आहे, चुका पोटात घाला.

पुढे वरंध घाट लागतो आणि घाट उतरून गेलं की शिवथरघळ. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. ही घळ १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढली. म्हणजे आज आपण जो ग्रंथ वाचतोय, तो आमच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जन्मला. लहानपणी हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही तेव्हा पत्ते कुटण्यात बिझी होतो!

तर विषय तोच आहे. पत्ते, फासे, ॲप. आणि चारित्र्य.

आधी थोडं हसू या

मूर्खलक्षणाचा समास ज्यांनी पहिल्यांदाच वाचला असेल, त्यांना एक गोष्ट जाणवली असेल: समर्थ विनोदी आहेत. स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, वाडवडिलांच्या मोठेपणावर फुशारक्या मारणारा, कारण नसताना हसणारा, दोघं बोलत असताना मध्येच तिसरा जाऊन बसणारा अशी एकेक माणसं ते समोर उभी करतात आणि प्रत्येकाच्या हातात मूर्खपणाचं सर्टिफिकेट देतात. वाचताना आपण खो खो हसतो, कारण प्रत्येक ओळीत ऑफिसमधला कुणीतरी दिसतो. मग एका ओळीशी हसू थांबतं, कारण तिथे आपणच दिसतो.

संतांचं आणि चांगल्या नाटककारांचं हे एक गुपित आहे. उपदेश केला की आपण दार लावून घेतो. हसवलं की आपण स्वतःच दार उघडतो.

असं हसवत आत शिरणारं एक दृश्य आज तुम्हाला सांगायचंय.

तुमच्यापैकी काहींनी 'उत्सव' हा सिनेमा पाहिला असेल. १९८४ सालचा, गिरीश कार्नाड दिग्दर्शक, शशी कपूर निर्माते, वसंतसेनेच्या भूमिकेत रेखा. (आईबाबांबरोबर बसून बघायचा सिनेमा नाही, आधीच सांगून ठेवतो!) मराठीत याच कथेवर १९४२ साली गजानन जागीरदारांनी 'वसंतसेना' हा चित्रपट केला होता. आणि त्याही आधी हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 'संगीत मृच्छकटिक' मराठी रंगभूमीवर आणलं. या सगळ्यांचं मूळ म्हणजे शूद्रकाचं दहा अंकी संस्कृत नाटक 'मृच्छकटिक', म्हणजे मातीची गाडी.

सगळ्यांना यातली चारुदत्त आणि वसंतसेनेची प्रेमकथा आठवते. मला आठवतो दुसऱ्या अंकातला जुगारी.

दृश्य: उज्जयिनीतलं रिकामं देऊळ

त्याला संवाहक म्हणतात, कारण त्याचा धंदा अंग रगडून देण्याचा. मूळचा पाटलीपुत्राचा. उज्जयिनीत येऊन चारुदत्ताच्या पदरी नोकरीला राहिला. चारुदत्त दानधर्म करता करता गरीब झाला, नोकरी सुटली आणि हा जुगाराच्या अड्ड्यावर जाऊ लागला. दहा सुवर्णनाणी हरला. द्यायला कवडी नाही. मग काय, पळाला!

अड्ड्याचा मालक माथुर आणि जिंकलेला जुगारी त्याच्या मागे धावतात. समोर एक ओसाड देऊळ. आत मूर्तीच नाही. आमचा पठ्ठ्या काय करतो? उलट्या पावलांनी आत शिरतो, म्हणजे पाऊलखुणा बाहेर जाताना दिसाव्यात. आणि मूर्तीच्या जागी स्वतःच देव बनून उभा राहतो. एकदम स्टॅच्यू.

ते दोघे आत येतात. त्यांना लगेच कळतं. पण लगेच पकडलं तर मजा काय? ते 'मूर्ती' निरखून बघतात. लाकडाची आहे की दगडाची, यावर चर्चा करतात, तिला हलवून बघतात. हा ढिम्म. मग ते दोघे तिथेच, त्याच्या पुढ्यात बसतात आणि फासे टाकायला लागतात.

बस्स. इतकंच.

फाशांचा खळखळ आवाज. 'देवा'च्या चेहऱ्यावर घाम. मनात म्हणतो, नाही, मी खेळणार नाही, मी खेळणार नाही. खिशात कवडी नसलेल्या माणसालाही तो आवाज असा ओढतो, जसा राज्य गमावलेल्या राजाला नगाऱ्याचा आवाज. आणि मग डावावरून त्या दोघांची बाचाबाची होते, हा म्हणतो डाव माझा, तो म्हणतो माझा, आणि मूर्ती टुणकन उडी मारून म्हणते, डाव माझा आहे!

पकडला गेला. मार खाल्ला. मार खातानाही गडी काय शक्कल लढवतो बघा: एकाला म्हणतो, अर्धं कर्ज तुम्ही माफ करा. तो हो म्हणतो. दुसऱ्याला म्हणतो, उरलेलं अर्धं तुम्ही माफ करा. तोही हो म्हणतो. मग हा म्हणतो, अर्धं अन् अर्धं मिळून पूर्ण माफ झालं की, येतो मी! ईएमआय बुडवण्याची इतकी सुंदर योजना आजच्या फिनटेकवाल्यांनाही सुचली नसेल.

पहिला धडा: तो आवाज ओळखा

नाटकातल्या या प्रसंगात संवाहकाला कोणी जबरदस्ती केलेली नाही. कोणी म्हटलं नाही, ये, खेळ. दाखवली फक्त संधी आणि ऐकवला फक्त आवाज.

आता तुमचा फोन आठवा. क्रिकेटचा सीझन सुरू आहे, टॉसला दहा मिनिटं उरलीत, आणि स्क्रीनवर एक ओळ येते: तुमची टीम अजून लावली नाहीत. सोबत बारीकसं टिंग. हे टिंग म्हणजे त्याच फाशांचा आवाज. अड्डा आता आपल्या खिशात आहे आणि माथुर शेठ चोवीस तास जागा आहे.

जुगाराचं रूप काळाप्रमाणे बदलत आलंय. आपल्या मुंबईत मटका सुरू झाला तो कापसाच्या भावांच्या आकड्यांवरून. परदेशातल्या बाजारातले आकडे कळायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. पुढे ते आकडे येणं बंद झालं तर चिठ्ठ्या आणि पत्ते आले. म्हणजे कापूस संपला, तरी सट्टा संपला नाही. जुगारबंदीचा जुना मुंबई कायदा तर १८८७ सालचा आहे. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलंच झालं. पण कायदा अड्डा बंद करू शकतो. 'डाव माझा' म्हणत उठणारा आतला माणूस कायद्यानं बसत नाही. त्याला बसवायला साधना लागते.

एक गोष्ट लक्षात घ्या. संवाहक त्या क्षणी पैशासाठी उठलेला नाही. त्या डावात त्याचा एक पैसाही लागलेला नव्हता! तो खेळासाठी उठला. 'मी पैशासाठी नाही खेळत, फक्त मजा म्हणून' असं आपण म्हणतो ना, तेव्हा ही मूर्ती आठवा. पैशाचा लोभ निदान हरल्यावर थोडा शुद्धीवर येतो. मजेचा लोभ हरल्यावर आणखी चढतो, कारण पुढचा डाव अजून बाकी असतो.

दुसरा धडा: देव नसलेलं देऊळ

शूद्रकानं त्याला देवळातच का लपवलं? बाजारात लपला असता, विहिरीत लपला असता. नाटककाराला विनोद हवा होता हे खरं. पण मला त्यात आपलं चित्र दिसतं.

सकाळी सहाला मी आसनावर बसतो. पाठ ताठ, डोळे मिटलेले, हातात माळ. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय स्थिर मुलगा आहे! आई तर शेजारच्या काकूंना सांगते सुद्धा. आणि बाजूला ठेवलेला फोन थरथरतो. त्या क्षणी आतला जुगारी पापण्यांच्या फटीतून बघतो.

देवळात देव असता तर तिथे माणसाला मूर्ती होऊन उभं राहायला जागाच उरली नसती. गाभारा रिकामा होता म्हणून सोंग शिरलं. आपलं तसंच आहे. हृदयात नाम बसलेलं असेल तर भक्तीचं सोंग करायला जागा राहत नाही. नाम नसेल तर आपण स्वतःच मूर्ती होऊन बसतो, लोक नमस्कार करतात, आणि फासा खळखळला की देव उडी मारून पळतो.

हे लिहिताना मी कुणा दुसऱ्याबद्दल बोलत नाहीये. आता तेच सांगतो.

तिसरा धडा: चारुदत्ताचं खोटं आणि माझं खोटं

आधी नाटक. वसंतसेनेनं आपले दागिने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवले. रात्री चोरानं भिंतीला भोक पाडलं आणि दागिने नेले. सकाळी चारुदत्ताच्या पायाखालची जमीन सरकली. नुकसानीचं दुःख नव्हतंच, त्याला काळजी एकच होती: गरीब माणसाच्या घरातून ठेव चोरीला गेली, यावर कोण विश्वास ठेवील?

त्याचा मित्र मैत्रेय सोपा उपाय सांगतो. सरळ नाकबूल कर! कुणी दिले, कुणी घेतले, साक्षीदार कोण? चारुदत्त म्हणतो, भीक मागून ठेव परत करीन, पण चारित्र्याला डाग लावणारं खोटं बोलणार नाही. त्याची पत्नी धूता हे ऐकते आणि माहेरहून आलेली रत्नमाळ, व्रताचं दान असल्याचं निमित्त करून, मैत्रेयाच्या हाती देते. नवऱ्याचा मान राखायची ही तिची रीत.

मग चारुदत्त ती रत्नमाळ वसंतसेनेकडे पाठवतो, आणि निरोप काय देतो? तुझे दागिने माझेच समजून मी जुगारात हरलो, त्याबदली ही माळ घे.

थांबा. परत वाचा. चोरी झाली होती, आणि त्यानं सांगितलं, जुगारात हरलो.

आता माझं ऐका. दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या वाडीतल्या देवळाचे पत्रे बदलायचे होते. पावसाच्या आत काम व्हायला हवं, नाहीतर गाभाऱ्यात पाणी. पुण्यात राहणाऱ्या सगळ्या भावकीनं वर्गणी काढली. तुला ते यूपीआय वगैरे चांगलं जमतं म्हणून पैसे माझ्या खात्यावर आले. एकतीस हजार पाचशे रुपये. पुण्याची भावकी म्हणजे कुणी रिक्षा चालवणारा, कुणी सिक्युरिटीवाला. कुणाचे पाचशे, कुणाचे हजार. ती माझ्याकडे ठेव होती.

सीझन सुरू होता. आधी माझे स्वतःचे गेले. मग 'एवढं एकदा रिकव्हर करू' म्हणून ठेवीतले दोन हजार. मग चार. दहा दिवसांत ठेवीतले चौदा हजार संपले होते. या काळात माझी सकाळची माळ एक दिवसही चुकली नव्हती. या ब्लॉगची रोजची पोस्टसुद्धा.

आणि काकांचा फोन आला. पत्रेवाला ॲडव्हान्स मागतोय. मी काय सांगितलं असेल? काका, खात्यावर फ्रॉड झाला. कुणीतरी लिंक पाठवली, पैसे गेले.

चारुदत्ताच्या घरी चोरी झाली होती, त्यानं जुगाराचं नाव सांगितलं. मी जुगारात घालवले, मी चोरीचं नाव सांगितलं. त्याचं खोटं त्याच्या स्वतःच्या अंगावर पडत होतं आणि हातात आधीच भरपाई तयार होती. माझं खोटं दुसऱ्याच कुणाच्या अंगावर पडत होतं, आणि भरपाई गावानं करायची होती.

त्याच आठवड्यात एका मित्राकडे 'मृच्छकटिक'चं मराठी भाषांतर चाळताना तिसरा अंक वाचला. पुस्तक मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वारगेटहून भोरची एसटी पकडली.

काका ओट्यावर बसले होते. समोर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. म्हणाले, बरं झालं आलास, चल भोरला पोलीस स्टेशनला जाऊ, तक्रार देऊ, आधार कार्ड आणलंयस ना? मी तिथेच उभा. म्हटलं, काका, फ्रॉड नाही झाला. मी खेळलो.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत गेले आणि वर्गणीची वही घेऊन आले. म्हणाले, पत्रेवाल्याचं मी बघतो. तू इथं तुझ्या हातानं लिही. किती, आणि कशात गेले ते.

मी लिहिलं. वही देवळात सगळ्यांना बघायला ठेवलेली असते. चौदा हजार मी पाच महिन्यांत भरले, पत्रे काकांनी उसनवारी करून पावसाच्या आत चढवले. तेव्हापासून भावकी माझ्या खात्यावर पैसे पाठवत नाही. पाठवूही नयेत. विश्वास पाच महिन्यांच्या हप्त्यात परत मिळत नाही, हे मला कळलंय.

आता उत्तमलक्षणाचा समास उघडा. पडलेली वस्तू एकाएकी उचलू नये, कुणाचा उपकार शक्यतो घेऊ नये, घेतला तर फेडल्याशिवाय राहू नये, विश्वासघात करू नये, असं समर्थ तिथे सांगतात. शाळेत पाठ केलेलं असतं म्हणून आपल्याला ते मुलांसाठीचं वाटतं. पण खात्यावर दुसऱ्याचे पैसे असतात आणि रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, तेव्हा समर्थ कुणाशी बोलत होते ते समजतं.

चौथा धडा: वसंतसेनेनं काय केलं

पळता पळता संवाहक एका उघड्या दारातून आत घुसतो. ते घर वसंतसेनेचं. तो चारुदत्ताच्या पदरी होता हे कळल्यावर ती हातातलं कंकण काढते आणि दासीला सांगते, बाहेरच्या सावकाराला नेऊन दे. त्यातही एक बारकावा आहे. कंकण संवाहकानंच पाठवलंय असं सांग, असं ती म्हणते. त्याची लाज राखली. त्याच्या हातात रोकड दिली नाही. आणि एक शब्दही उपदेश केला नाही.

उपदेश न करता काय घडलं? संवाहक म्हणाला, या अपमानाला मी कंटाळलो, भिक्षू होतो. तर ती उलट म्हणते, घाई करू नकोस! पण तो झाला भिक्षू. आणि आठव्या अंकात दुष्ट शकारानं गळा दाबून पाचोळ्याखाली टाकलेली वसंतसेना याच भिक्षूला सापडते. धुतलेलं वस्त्र वाळत घालायला तो जागा शोधत असतो आणि पाचोळ्यातून हात हलताना दिसतो. पाणी शिंपडून तो तिला शुद्धीवर आणतो. ती ओळखत नाही. तो आठवण करून देतो: दहा सुवर्णनाण्यांना तुम्ही ज्याला सोडवलंत, तोच मी. शेवटच्या अंकात तो तिला वधस्थळी घेऊन पोहोचतो म्हणून चारुदत्ताचाही जीव वाचतो. नाटक संपताना तोच जुगारी सगळ्या विहारांचा प्रमुख नेमला जातो.

खोटी मूर्ती होऊन उभा राहिलेला माणूस शेवटी खरोखर नमस्कार करण्याजोगा झाला. मधे काय होतं? कुणीतरी त्याच्यावर हसून त्याला सोडून दिलं नाही, आणि त्यानं घेतलेला उपकार ठेवून घेतला नाही.

तुमचा एखादा मित्र आज या फासात असेल तर वसंतसेनेची पद्धत वापरा. त्याच्या हातात पैसे देऊ नका. देणं जिथे आहे तिथे त्याच्यासोबत जा. ग्रुपवर त्याची मीम्स बनवू नका. आणि रोज एक फोन करा, खेळाचा विषय न काढता.

तुमच्या शंका

*गीतेत भगवंत स्वतः म्हणतात की छळणाऱ्यांमध्ये द्यूत मी आहे. मग वाईट काय?*
दहावा अध्याय, छत्तिसावा श्लोक. दर दिवाळीला हा फॉरवर्ड येतो! तो विभूतियोग आहे. त्याच अध्यायात भगवंत सिंह, मगर आणि मृत्यू यांचीही नावं घेतात. म्हणून कुणी मगरीला मिठी मारायला जात नाही. जिथे जिथे प्रचंड ताकद दिसते ती माझी, एवढं भगवंत सांगतायत. द्यूताची ताकद प्रचंड आहे, हे धर्मराजालाही कळलं नाही. तेव्हा तो श्लोक वाचून पट मांडायचा नसतो, लांबून हात जोडायचे असतात.

*पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतातच ना? घरी दहा-दहा रुपयांची तीन पत्ती चालते का?*
म्हणतात, आणि शिवपार्वतीच्या सारीपाटाच्या कथाही आहेत. मी तुम्हाला घरातल्या खेळात आजीबरोबर बसू नका असं सांगणार नाही. एकच कसोटी सांगतो: आजी झोपायला गेल्यावर खेळ थांबतो का? थांबत असेल तर तो सण. थांबत नसेल तर तो डाव.

*चारुदत्तही खोटं बोललाच की! मग तो आदर्श कसा?*
हा प्रश्न मलाही छळतो, आणि मी त्याला सोडवणार नाही. खोटं ते खोटंच. नाटककारानंही त्याला सोडलेलं नाही. वसंतसेनेला तोवर दागिने परत मिळालेले असतात, खरं काय ते तिला कळलेलं असतं. पुढच्या अंकात भर पावसात ती त्याच्या घरी येते, आणि तिची दासी हुबेहूब तोच निरोप परत करते: तुमची रत्नमाळ बाईसाहेब जुगारात हरल्या, त्याबदली ही दागिन्यांची पेटी घ्या! चारुदत्ताचं खोटं असं हसत हसत उघडं पडतं. आपण त्याच्याकडून खोटं घ्यायचं नाही. दुसऱ्याचं नुकसान आधी स्वतःच्या पदरचं भरायचं, मग आपली अब्रू, हा क्रम घ्यायचा.

*माझ्यावर आधीच कर्ज झालंय. कुणाला सांगू?*
घरातल्या एकाला. आज. आकडा पूर्ण सांगा, अर्धा नको. अर्धा आकडा सांगणं म्हणजे संवाहकाची अर्धी-अर्धी माफी, शेवटी मार चुकत नाही. झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नका. ते भक्ती कमी पडल्याचं लक्षण नाही.

आजचा अभ्यास

१. मूर्खलक्षणाचा समास एकदा मोठ्यानं वाचा. जिथे हसू थांबेल तिथे पेन्सिलीनं टिंब करा. ते टिंब कुणाला दाखवायचं नाही.
२. आज तुमच्याकडे कुणाची ठेव आहे? पैसे असतील, कुणाचं गुपित असेल, ऑफिसचा वेळ असेल. वहीत लिहा.
३. तुमच्या फोनमधला 'फाशांचा आवाज' कोणता? तो एक आवाज आज बंद करा. अख्खं ॲप काढता आलं तर उत्तमच.
४. उत्तमलक्षणातली एक ओळ निवडा आणि रात्री झोपताना स्वतःला विचारा, आज ही पाळली का?

प्रार्थना

हे श्रीरामा, माझा गाभारा रिकामा ठेवू नकोस. रिकामा राहिला तर मी तिथे स्वतःच उभा राहतो. माझ्याकडे जे जे दुसऱ्याचं आहे, ते त्याचं त्याला माझ्या हातून पोहोचू दे. आणि चुकलोच, तर खोटी कथा रचायच्या आधी काकांच्या ओट्यापर्यंत जायचं बळ दे.

संध्याकाळी देवळात जाऊन आलो. पत्रे पक्के आहेत, एक थेंब गळत नाही. वही अजून तिथेच कोनाड्यात आहे. माझं पान उघडून पाहिलं. अक्षर वाईट आलंय, हात थरथरत होता. खाली काकांनी पाच वेळा लाल शाईनं 'मिळाले' असं लिहून तारखा टाकल्यात.

उद्या दशक २, समास ३. कुविद्यालक्षण. रेंज मिळाली तर भेटूच.

जय जय रघुवीर समर्थ.